चौथऱ्यावरचा रणगाडा : विजयचिन्ह, स्मारक आणि नोंद

१

युद्धाची स्मारके बहुधा युद्ध संपल्यावर घडवली जातात. गावाच्या वेशीजवळचा वीरगळ असो, छावणीतला स्तंभ असो किंवा चौकातला हुतात्म्यांचा नामफलक असो, ज्या लढाईची आठवण या वस्तू करून देतात त्या लढाईत त्यांनी स्वतः भाग घेतलेला नसतो. चौथऱ्यावर उभा केलेला रणगाडा या रीतीला अपवाद ठरतो, कारण लढाईचे प्रतीक होण्यापूर्वी तो लढाईचे साधन होता आणि कित्येकदा लढाईचा बळीही होता. त्याच्या पोलादी पोटात माणसे दाटीवाटीने बसली, त्याच्या तोफेने समोरची माणसे मारली आणि त्याच्यावर आदळलेल्या गोळ्यांनी आतलीही मारली. म्हणूनच पाहणाऱ्याला तो दगडी स्तंभापेक्षा अधिक खरा वाटतो. मात्र याच कारणाने तो अधिक सहजपणे दिशाभूलही करू शकतो, कारण वस्तू अस्सल दिसली की तिच्याविषयी सांगितलेली कथाही अस्सलच असणार, असे गृहीत धरण्याकडे मनाचा कल असतो.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, रणगाडा केवळ चौथऱ्यावर चढवल्याने त्याचे स्मारक होत नाही. तो कोणता, कुठे लढला, त्यात कोण होते, समोर कोण होते आणि तो येथवर कसा आला, याची नोंद त्याच्याजवळ असेल तरच तो स्मारक ठरतो, अन्यथा काही काळ तो शोभेची वस्तू असतो आणि पुढे भंगार होतो. या प्रतिपादनाच्या सोयीसाठी प्रदर्शित रणगाड्यांचे तीन वर्ग कल्पिता येतील: जेथे निकामी झाला तेथेच राहिलेला, शत्रूकडून जिंकून आणलेला, आणि सेवेतून निवृत्त झाल्यावर एखाद्या संस्थेला वा नगराला दिलेला. तिन्ही रणगाडे दुरून सारखेच दिसत असले तरी त्यांच्याकडून मिळणारी साक्ष सारखी नसते.

२

पहिल्या वर्गाचे भारतातील ठळक उदाहरण नागालँडची राजधानी कोहिमा येथे आहे. १९४४ च्या एप्रिल ते जून या काळात जपानी सैन्य आणि ब्रिटिश-भारतीय सैन्य यांच्यात येथे जी लढाई झाली, तिच्यात एक एम-३ जातीचा मध्यम रणगाडा डोंगरउतारावरून घसरून निकामी झाला आणि तो आजही त्याच परिसरात जतन केलेला आहे. अमेरिकन बनावटीच्या या रणगाड्याची एक आवृत्ती 'ली' आणि ब्रिटिशांच्या मागणीनुसार बदललेल्या बुरुजाची दुसरी आवृत्ती 'ग्रँट' या नावाने ओळखली जाई. बुरूज म्हणजे रणगाड्याच्या माथ्यावरचा, सर्व बाजूंनी फिरणारा, तोफ बसवलेला भाग. परंतु या रणगाड्याची ७५ मिलिमीटरची मुख्य तोफ बुरुजात नसून धडाच्या उजव्या कडेला बसवलेली होती, त्यामुळे ती थोडीच वळू शके आणि नेम बदलायचा तर बहुतेक वेळा अख्खा रणगाडाच वळवावा लागे. सपाट वाळवंटात ही अडचण निभावून नेता येई. कोहिमाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या, पावसाने निसरड्या झालेल्या उतारांवर मात्र तिचा अर्थ वेगळा होता.

हे सर्व त्या जागी उभे राहिल्यावर फार स्पष्टीकरणाविना समजते, आणि हेच पहिल्या वर्गाचे सामर्थ्य आहे. एवढ्या चढावर एवढे जड वाहन आणावे लागले, यावरूनच लढाई किती निकराची होती ते कळते. जवळच्या युद्धस्मशानभूमीत ज्या टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाकली होती, त्याच्या रेषा पांढऱ्या रंगात राखून ठेवल्या आहेत. रणगाडा, उतार आणि त्या रेषा एकमेकांचा अर्थ लावतात. यांतील रणगाडा उचलून दुसऱ्या शहरातल्या उद्यानात नेला, तर पोलाद तेच राहील, पण साक्षीचा मोठा भाग मागे कोहिमातच राहील.

जागेबरोबर माणसांचीही नोंद सापडली तर असा रणगाडा किती बोलू शकतो, हे फ्रान्समधील फ्लेस्कियेर या गावी दिसून आले. २० नोव्हेंबर १९१७ रोजी काँब्रेच्या लढाईत 'डी-५१' क्रमांकाचा, 'डेबोरा' नावाचा ब्रिटिश रणगाडा या गावात तोफगोळ्यांनी फुटला. नंतर तो जमिनीत पुरला गेला आणि थेट १९९८ मध्ये उत्खनन करून बाहेर काढण्यात आला. त्यानंतरच्या संशोधनातून त्यातील मृत सैनिकांची ओळख पटली आणि त्यांच्या कबरी त्याच गावाजवळच्या युद्धस्मशानभूमीत आहेत हेही निश्चित झाले. पुढे रणगाड्यासाठी त्या स्मशानभूमीलगतच संग्रहालय बांधण्यात आले. डेबोराची फाटलेली पुढची बाजू कोणी दुरुस्त केली नाही की रंगवली नाही, आणि हा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण त्या रणगाड्याजवळ सांगण्यासारखे जे काही आहे ते त्या फाटलेल्या पत्र्यातच आहे.

३

दुसरा वर्ग विजयचिन्हांचा. शत्रूची वस्तू आपल्या गावी आणून मिरवण्याची परंपरा रणगाड्यापेक्षा कितीतरी जुनी असून महाराष्ट्राला ती अपरिचित नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत आल्या आणि तेथे वाजू लागल्या. विजापूरची 'मलिक-ए-मैदान' ही तोफ याहून बोलकी आहे. सुमारे ५५ टन वजनाची ही पंचधातूची तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे बुऱ्हाण निजामशाहाच्या काळात महंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. सतराव्या शतकात ती परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला नेण्यात आली. आणि औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर आपल्या विजयाचा लेख त्याच तोफेवर कोरवून घेतला. म्हणजे मूळ कर्त्याचा लेखही तिच्या अंगावर आहे आणि जेत्याचाही. नव्या मालकाने जुन्या मालकाचे नाव खरवडून काढले नाही, म्हणून आज त्या एका वस्तूवरून तीन सत्तांचा इतिहास वाचता येतो. १८५४ मध्ये हीच तोफ अवघ्या १५० रुपयांना लिलावात गेल्याची आणि तो लिलाव नंतर रद्द झाल्याची हकिकतही प्रसिद्ध आहे. ज्या व्यवहारात धातूची किंमत होते आणि लेखाची होत नाही, त्या व्यवहारात काय घडू शकते याचे ते उदाहरण होय.

या परंपरेतील आधुनिक भारतातला सर्वांत परिचित दुवा म्हणजे १९६५ च्या युद्धातील पॅटन रणगाडा. अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन यांचे नाव असलेले एम-४७ आणि एम-४८ जातीचे हे रणगाडे १९५४ च्या लष्करी साहाय्य करारानंतर पाकिस्तानला मिळाले होते. ९० मिलिमीटरची तोफ आणि जाड पुढचे कवच यांमुळे त्यांचा मोठा दबदबा होता. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने, म्हणजे रणगाडे हेच ज्याचे मुख्य बळ आहे अशा सैन्यविभागाने, पंजाबातील खेमकरण क्षेत्रात चढाई केली. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या नेतृत्वाखालील चौथी माउंटन डिव्हिजन असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात ठाण मांडून बसली आणि ब्रिगेडियर थिओगराज यांच्या चिलखती ब्रिगेडचे रणगाडे उंच वाढलेल्या उसात दडवण्यात आले. कालव्यांचे पाणी शेतांत सोडण्यात आले होते. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पुढे सरकणारे पॅटन चिखलात मंदावले, वळू लागले, आणि वळताना त्यांच्या कडेचे तुलनेने पातळ कवच उसातल्या तोफांपुढे आले. भारतीय बाजूला सेंच्युरियनबरोबरच दुसऱ्या महायुद्धातले जुने शेरमन रणगाडेही होते, आणि कागदावरच्या क्षमतेत पॅटन त्यांना वरचढ होता. पण जवळच्या अंतरावरून कडेवर लागलेला गोळा कागदावरची तुलना निरर्थक ठरवतो. चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने, म्हणजे डागताना मागे बसणारा धक्का वायू मागे सोडून नाहीसा करणाऱ्या हलक्या तोफेने, पॅटन फोडले; १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

भारतीय बाजूच्या आकडेवारीनुसार या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. हाती लागलेले रणगाडे भिखीविंड येथे रांगेने उभे करण्यात आले आणि त्या जागेला 'पॅटन नगर' असे नावच पडले. पुढे यांतील अनेक रणगाडे देशभरातील छावण्यांत आणि शहरांत विजयचिन्हे म्हणून धाडण्यात आले.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. हाती लागलेल्या पॅटनांपैकी काहींच्या कवचाला गोळ्याने भोक पडलेले होते, तर काही रणगाडे आतल्या सैनिकांनी जवळजवळ धडधाकट अवस्थेत सोडून दिले होते. भोक पडलेला पॅटन उसात दबा धरून बसलेल्या तोफचीची कामगिरी सांगतो. धडधाकट पॅटन पाणी, चिखल आणि खचलेले धैर्य यांविषयी सांगतो. दोन्ही गोष्टी त्या विजयाच्या कारणांत मोडतात, पण त्या एकच नव्हेत. चौकातल्या पॅटनला हिरव्या रंगाचे जाड थर दिले गेले, भोक पत्रा लावून बुजवले गेले आणि मूळ क्रमांक रंगाखाली गेला, तर पाहणाऱ्याला तो यांपैकी कोणता हे कधीच कळणार नाही. अशा रणगाड्याखाली 'भारतीय सैन्याच्या शौर्याचे प्रतीक' एवढेच लिहिलेले असेल, तर ते विधान खरे असूनही त्यातून शौर्याचे स्वरूप कळत नाही.

विजयचिन्ह एका लढाईचे असते, युद्धाचे नसते, ही त्याची दुसरी मर्यादा होय. असल उत्तरच्या लढाईपाठोपाठ त्याच महिन्यात सियालकोट क्षेत्रात फिल्लौरा आणि चविंडा येथे मोठी रणगाडायुद्धे पेटली. फिल्लौरा भारताने जिंकले. चविंड्यापाशी मात्र भारतीय आक्रमण थोपवले गेले आणि पाकिस्तान ती लढाई आपला विजय म्हणून साजरी करतो. त्या धुमश्चक्रीत पूना हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले; मुंबईत जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पाकिस्तानातील लष्करी संग्रहालयांतही भारतीय सेंच्युरियन रणगाडे विजयचिन्हे म्हणून ठेवलेले आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली ही वाहने एकमेकांना खोटी ठरवत नाहीत; प्रत्येक वाहन आपापल्या शेतापुरते, आपापल्या दिवसापुरते खरे बोलते. मात्र त्या एका दिवसावरून सबंध युद्धाचा निकाल वाचू पाहणारा वाचक दोन्हीकडे फसतो.

४

तिसरा वर्ग निवृत्त रणगाड्यांचा, आणि नोंदीच्या दृष्टीने तो सर्वांत दुबळा. या प्रथेचा एक मोठा प्रयोग पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये झाला. युद्धकाळात रणगाडे गावोगाव फिरवून लोकांकडून युद्धकर्ज उभारण्यात आले होते. त्याची पोच म्हणून १९१९ नंतर अडीचशेहून अधिक नगरांना एकेक रणगाडा भेट देण्यात आला. पुढच्या दोन दशकांत यांतले जवळजवळ सर्व भंगारात गेले. लोकांना युद्धाची आठवण नकोशी झाली, देखभालीचा खर्च कोणी करावा हे ठरेना, आणि दुसरे महायुद्ध आले तेव्हा पोलादाची गरजही भासली. केंट परगण्यातील ॲशफर्ड येथला मार्क-४ रणगाडा तेवढा आपल्या चौकात टिकून राहिला, आणि त्याचे कारण भावनिक नव्हते: १९२९ मध्ये त्याच्या आतली यंत्रसामग्री काढून तेथे विजेचे उपकेंद्र बसवण्यात आले आणि १९६८ पर्यंत ते तेथेच चालू होते. ज्या रणगाड्याकडे स्मृती म्हणून कोणी लक्ष देत नव्हते, त्याला रोहित्राने वाचवले.

भारतात याच वर्गात विजयंता आणि टी-५५ रणगाडे मोडतात. ब्रिटिश आराखड्यावरून तमिळनाडूतील आवडी येथे बांधलेला विजयंता हा भारतात तयार झालेला पहिला रणगाडा. सोव्हिएत बनावटीचा टी-५५ हा १९७१ च्या युद्धातला महत्त्वाचा रणगाडा. दोन्ही सेवेतून गेल्यावर त्यांतले बरेच प्रवेशद्वारांवर आणि चौकांत उभे राहिले. एखाद्या संस्थेला रणगाडा देण्यापूर्वी तो निःशस्त्र केला जातो, म्हणजे तोफेची यंत्रणा पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने निकामी करतात आणि दारूगोळा, इंधन व संवेदनशील उपकरणे काढून घेतात. पुष्कळदा झाकणेही वितळजोडाने कायमची बंद केली जातात. यानंतर रणगाड्याचा खरा शत्रू पाणी असते. बुरूज आणि धड यांमधल्या फटीतून पावसाळ्यात पाणी आत शिरते, निचऱ्याची भोके मातीने बुजलेली असल्यास ते तळाशी साचते, आणि पोलाद आतून गंजत असताना बाहेर दरवर्षी प्रजासत्ताकदिनापूर्वी नवा रंग चढत राहतो. चाकांवरचे रबर उन्हाने तडकते. बाहेरून झगझगीत आणि आतून कुजलेला असा हा रणगाडा देखभालीची जबाबदारी कागदावर कोणाच्याच नावे नसल्याचा पुरावा असतो.

२०१७ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारात रणगाडा ठेवावा, अशी इच्छा तेथील कुलगुरूंनी व्यक्त केली, तेव्हा मोठा वाद झाला. समर्थकांना तो जवानांच्या त्यागाची आठवण वाटला, विरोधकांना तो विद्येच्या प्रांगणातला शस्त्राचा धाक वाटला. चर्चा रणगाडा हवा की नको, या प्रश्नाभोवती फिरली. कोणता रणगाडा, कोणत्या रेजिमेंटचा, कोणत्या लढाईतला, हा प्रश्न मागेच राहिला. वास्तविक विद्यापीठाने पहिल्यांदा हाच प्रश्न विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर असल्याखेरीज बाजूने बोलणारा आणि विरोधात बोलणारा, दोघेही एका अनामिक पोलादी आकाराविषयी बोलत असतात.

५

नोंद नसलेल्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीची नोंद असलेल्या स्मारकाचे काय होते, याचा धडा प्रागने दिला. ९ मे १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य प्रागमध्ये शिरले, त्याच्या स्मरणार्थ त्याच वर्षी जुलैत स्मिखोव भागातील एका चौकात '२३' क्रमांकाचा आयएस-२ जातीचा जड रणगाडा चढवण्यात आला. शहरात प्रथम आलेला रणगाडा तो हाच, असे अनेक दशके सांगितले गेले; प्रत्यक्षात तो मान '२४' क्रमांकाच्या टी-३४ रणगाड्याचा होता आणि त्याचा कमांडर गोन्चारेंको त्याच दिवशी शहरात मारला गेला होता. मृत सैनिकाच्या मध्यम रणगाड्याऐवजी अधिक धिप्पाड दिसणारे यंत्र चौथऱ्यावर गेले. पुढे १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे पुन्हा प्रागमध्ये आले, या वेळी चेकोस्लोव्हाकियातील सुधारणा चिरडण्यासाठी, आणि चौकातल्या रणगाड्याचा अर्थ रातोरात पालटला. एप्रिल १९९१ मध्ये डेव्हिड चेर्नी या तरुण शिल्पकाराने तो गुलाबी रंगवला. त्याला अटक झाली, सैनिकांनी रणगाडा पुन्हा हिरवा केला, तेव्हा संसदेच्या पंधरा सदस्यांनी आपल्या संसदीय संरक्षणाचा आधार घेऊन तो पुन्हा गुलाबी केला. अखेर जूनमध्ये तो तेथून हलवण्यात आला आणि आज तो लेशानीच्या लष्करी तंत्र संग्रहालयात आहे.

प्रत्येक ठिकाणी असेच घडले, असे मात्र नाही. बर्लिनच्या टिअरगार्टनमध्ये नोव्हेंबर १९४५ मध्ये उघडलेल्या सोव्हिएत युद्धस्मारकाच्या दोन बाजूंना दोन टी-३४ रणगाडे आहेत, आणि ते आजही तेथेच आहेत. त्या स्मारकाच्या आवारात सोव्हिएत सैनिकांच्या कबरी आहेत आणि १९९० मध्ये जर्मनीने अशा स्मारकांच्या देखभालीची हमी लेखी दिली आहे. याउलट एस्टोनियातील नार्वा शहराजवळचा टी-३४ रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकारने हलवून युद्धसंग्रहालयात नेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये युक्रेनमध्ये फुटलेला एक रशियन टी-७२ बर्लिनमधील रशियन दूतावासासमोर ठेवण्यात आला, तेव्हा काही जणांनी निषेध म्हणून त्याकडे पाहिले, तर काहींनी त्यावर गुलाब ठेवले. एकच वाहन कोणाला आक्रमकाचे कलेवर वाटले, तर कोणाला आपल्या मृतांची कबर. बर्लिनचे टी-३४ टिकले त्यामागे कबरी, करार आणि देखभालीची जबाबदारी ही तीन बळे होती. प्रागच्या रणगाड्याजवळ ना कबरी होत्या, ना तसा करार.

६

या पार्श्वभूमीवर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील कॅव्हलरी टँक म्युझियमचे महत्त्व ध्यानात येते. १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षणकेंद्र असलेल्या या शहरात फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपासून व्हॅलेंटाइन, चर्चिल, शेरमन, जपानी रणगाडे, पॅटन आणि विजयंता यांपर्यंत अनेक देशांची वाहने येथे एकत्र पाहता येतात. चौकात जे शक्य नाही ते येथे शक्य होते: शेरमन आणि पॅटन शेजारी पाहिल्यावर असल उत्तरला कोण कोणापुढे उभा ठाकला होता, हे उंचीवरून, तोफेच्या लांबीवरून आणि कवचाच्या उतारावरून डोळ्यांना कळते. ज्या नगरात मलिक-ए-मैदान ओतली गेली, त्याच नगरात हा संग्रह असावा, हा योगायोग सुखद आहे.

नोंद पूर्ण असली की रणगाडा काय सांगू शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे पूना हॉर्सचा 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय वर्षे एकवीस, धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. समोर पाकिस्तानची १३ लान्सर्स ही रेजिमेंट होती. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, अरुण यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल पाकिस्तानात आपले जन्मगाव पाहायला गेले असता, त्यांचे यजमान ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्या दिवशी आपणच अरुणसमोर लढत होतो, असे त्यांना सांगितले. रणगाड्याचे नाव, दिनांक, जागा, आत कोण आणि समोर कोण, अशी सर्व माहिती येथे जुळलेली आहे. आणि समोरच्या माणसाचे नाव कळल्याने अरुण खेत्रपालांचे शौर्य कणभरही कमी होत नाही, उलट ते कोणाविरुद्ध आणि किती जवळून गाजवले गेले, हे उमगते.

यावरून काही व्यवहार्य सूत्रे निघतात. प्रत्येक प्रदर्शित रणगाड्याजवळच्या फलकावर त्याची जात व क्रमांक, तो ज्या रेजिमेंटचा होता तिचे नाव, तो कोणत्या लढाईत होता किंवा कोणत्याच नव्हता याचे स्पष्ट विधान, तो तेथे कधी व कसा आला याची तारीख, आणि देखभाल करणाऱ्या कार्यालयाचे नाव असावे. गोळ्यांच्या खुणा बुजवू नयेत आणि मूळ क्रमांकावर रंग चढवू नये. प्रशिक्षणातच आयुष्य घालवलेल्या रणगाड्याविषयी तसेच लिहावे. त्यात कमीपणा नाही, कारण हजारो सैनिक त्याच वाहनांवर शिकले. नागरी संस्था, नगरपालिका आणि महाविद्यालये यांनी रणगाड्यासाठी अर्ज करताना त्याच अर्जात त्याच्या सेवापुस्तिकेची प्रत मागावी आणि ती ग्रंथालयात सर्वांना पाहण्यासाठी ठेवावी. हे करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी चौथरा बांधू नये. त्या जागी आपल्या तालुक्यातील हुतात्म्यांची नावे, त्यांच्या पलटणी आणि लढाया कोरलेली साधी शिळा उभारावी. तिला खर्च कमी येईल, ती गंजणार नाही, आणि नोंद नसलेल्या रणगाड्यापेक्षा ती वाचकाला निश्चितच अधिक सांगेल.